नंदादेवीचा दरवाजा

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या थंडीत कानटोप्या घालून आलेल्या मंडळींनो,

टेबलावर फडक्याखाली झाकून ठेवलेय तो प्रसाद नाही, हे आधीच सांगतो. पुढच्या रांगेतली मुलं मघापासून तिकडेच बघतायत. ती पितळी परात आहे आणि तिच्यात शाडूची माती आहे. शेजारी पाण्याने भरलेला तांब्या आहे. त्यांचं काम शेवटी आहे, तोवर फडक्याला हात लावू नका.

पत्रिकेत विषय छापलाय ‘हिमशिखर आणि त्याच्या हिमनद्या’. शिखर कोणतं, ते छापलेलं नाही. मी उत्तराखंडातल्या नंदादेवीबद्दल बोलणार आहे. गेली तीस-पस्तीस वर्षं मी याच एका डोंगराभोवती फिरतोय. कधी प्रत्यक्ष, बहुतेक वेळा नकाशावर.

आधी एक प्रश्न. भारतातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? हात वर करा. कांचनगंगा म्हणणारे बरेच आहेत. के-टू म्हणणारेही आहेत. आणि मागे बसलेले, माझ्या वयाचे दोन-तीन जण ‘नंदादेवी’ म्हणाले. त्यांचं उत्तर त्यांच्या शाळेच्या काळात अगदी बरोबर होतं. १९७५ साली सिक्कीम भारताचं राज्य झालं, कांचनगंगा भारतात आली आणि नंदादेवी पहिल्याची दुसरी झाली. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धवलगिरीची उंची मोजली जाईपर्यंत, नंदादेवीला जगातलं सर्वांत उंच शिखर मानत. पहिलीची दुसरी झाली, दुसरीची आणखी मागे गेली, आणि या सगळ्यात डोंगराचा एक दगडही जागचा हलला नाही. म्हणजे जो आकडा पाठ करून आपण डोंगर समजला असं मानतो, त्याचा त्या डोंगराशी संबंध किती, ते बघा.

७,८१६ मीटर. सांगून टाकला आकडा. आता तो विसरा.

मी भूगोल शिकवायचो. एके वर्षी प्रश्नपत्रिका काढायचं काम माझ्याकडे आलं. नेहमीचा प्रश्न होता, ‘नंदादेवी शिखराची उंची किती?’ एक गुण. मी तो काढला आणि त्याजागी लिहिलं, ‘नंदादेवीच्या परिसरातले पाणी कोणकोणत्या नद्यांना मिळते, ते आकृतीसह लिहा.’ चार गुण. कागद परत आला तेव्हा त्या प्रश्नावर लाल रेघ होती आणि समासात शेरा होता, ‘अभ्यासक्रमाबाहेर’. मी भेटायला गेलो. समोरचे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, “सर, उंची एका ओळीत तपासता येते. हे तपासायला परीक्षकाला नकाशा उघडावा लागेल.” मी म्हटलं, अहो, तेवढ्यासाठीच तर विचारला! उपयोग झाला नाही. उंचीचा प्रश्न परत आला. ही गोष्ट मी जाईन तिथे सांगतो, कारण ते मला अजून खुपतं. चाळीस मुलांच्या वर्गातल्या चाळीसही मुलांना ७,८१६ येतं आणि त्या डोंगरावर पडलेलं बर्फ वितळून जातं कुठे, हे एकालाही येत नाही. याला मी भूगोल म्हणायला तयार नाही. डोंगर समजून घ्यायचा असेल तर त्याच्या टोकाकडे बघू नका. त्याचं पाणी कुठून बाहेर पडतं ते बघा. तास-दीड तासात मला एवढंच सांगायचंय. बाकीचं सगळं त्यासाठीच.

तर नंदादेवी. डोळ्यांसमोर राजगड आणा. मध्ये बालेकिल्ला, त्याच्याभोवती माच्या, तटबंदी, दरवाजे. राजगड बघितलेल्या माणसाला नंदादेवी चटकन समजते. आल्प्स बघितलेल्याला इतकी चटकन समजत नसावी, असं मला मनापासून वाटतं. नंदादेवीचं शिखर हा बालेकिल्ला. त्याच्याभोवती शिखरांचं एक कडं आहे, साधारण ११० किलोमीटर घेराचं. उत्तरेच्या अंगाला दुनागिरी, चांगबांग, कालंका, ऋषिपहाड. पूर्वेला नंदादेवी पूर्व. दक्षिणेला नंदाखाट, मैकतोली, देवतोली, मृगथुनी. आणि नैर्ऋत्येला त्रिशूल. दुनागिरी, त्रिशूल आणि नंदादेवी पूर्व ही सात हजार मीटरच्या वरची. या तटाची सरासरी उंची सहा हजार मीटरच्या घरात. आणि त्यातली खिंडही अशी, की पश्चिमेची एक जागा सोडली तर ५,२०० मीटरच्या फारशी खाली कुठेच उतरत नाही. आपण सह्याद्रीत खिंड म्हणतो ती गुराखी रोज ओलांडतो. इथली खिंड ओलांडायची तर दोर, कुऱ्हाड आणि काटेरी बूट लागतात.

आता गंमत अशी की हा बालेकिल्ला कड्याच्या बरोबर मधोमध उभा नाही. पूर्वेच्या तटावर नंदादेवी पूर्व आहे, ७,४३४ मीटरची. तिच्यापासून सुमारे दोन किलोमीटर लांबीची एक धार आत येते आणि त्या धारेच्या टोकाला मुख्य शिखर आहे. म्हणजे बालेकिल्ला एका बाजूने तटाला चिकटलेला आहे. उरलेल्या सगळ्या बाजूंनी तो सरळ खाली, हिमनद्यांवर उतरतो. नैर्ऋत्येला दक्षिण नंदादेवी हिमनदी आहे. तिथून शिखरापर्यंतचं आडवं अंतर आहे जेमतेम सव्वाचार किलोमीटर, आणि तेवढ्यात डोंगर ३,३०० मीटर वर चढतो. कळसूबाई आहे १,६४६ मीटर. समुद्रसपाटीपासून एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवा, म्हणजे ती एक भिंत होईल. आणि ही भिंत बर्फाने मढवलेली.

चांगबांगबद्दल बोलायचा मोह आवरत नाही, दोनच वाक्यं. तो पांढरट ग्रॅनाईटचा आहे आणि त्याचे कडे इतके उभे की त्यावर बर्फ टिकतच नाही. काळ्या बेसॉल्टमध्ये आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांनी तो फोटोत जरी बघितला तरी दगड असाही असतो यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

असो. तट झाला, बालेकिल्ला झाला. दरवाजा?

इथे परातीची गोष्ट येते. अजून फडकं काढत नाही.

गणपती होऊन गेले होते. आमच्या गल्लीतल्या मूर्तिकाराकडे शाडू उरला होता, तो त्याने शाळेला दिला. नववीच्या मुलांना मी म्हटलं, आपण नंदादेवी करू. घरून परात आणली. नकाशावरच्या समोच्च रेषा ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या, तो कागद परातीत पसरला आणि माती थापायला सुरुवात केली. तट करायचं काम एका मुलीकडे होतं. हात सफाईदार. मातीची लांब वळी केली, परातीच्या कडेने फिरवली आणि करंजीला मुरड घालावी तशी चिमटीने दाबत गेली. चिमटीखालचा भाग दबला की खिंड, दोन चिमट्यांच्या मध्ये उंचावलेलं राहिलं की शिखर. मी नुसता बघत उभा राहिलो. गिर्यारोहणाच्या जाड पुस्तकात पानंच्या पानं खर्चून जे समजावलेलं असतं, ते त्या पोरीने अर्ध्या तासात बोटांनी केलं होतं. पूर्ण वर्तुळ. सुरुवात आणि शेवट असे जोडले की सांधा दिसेना.

दुसऱ्या दिवशी माती सुकली. मी तांब्या तिच्या हातात दिला. म्हटलं, पाऊस पाड. तिने शिखरावर धार धरली. पाणी चहूकडून उतरलं, मधल्या सखल भागात साचलं आणि तिथेच राहिलं. परात अर्धी भरली. ती म्हणाली, “सर, हे तर तळं झालं.” मी गप्प. वर्ग गप्प. मग तीच म्हणाली, “मग नंदादेवीत तळं का नाही? पाणी जातं कुठून?”

चार गुणांच्या ज्या प्रश्नावर लाल रेघ मारली गेली होती, तो हाच. आणि तो मुलीने स्वतःहून विचारला.

नकाशा परत काढला. सगळ्यांनी डोकी घातली आणि एका पोराने बोट ठेवलं: पश्चिमेला, ऋषिगंगा. मुलीने चमच्याच्या दांड्याने तिथे तट कापला. एकच अरुंद फट, वरपासून तळापर्यंत. साचलेलं सगळं पाणी एकदम तिकडे धावलं, फटीच्या कडा खरवडत, माती घेऊन, आणि परातीच्या काठावरून बाकावर आलं. बाकावर आम्ही दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, खालची गावं म्हणून. एकीवर ‘रैणी’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘तपोवन’. दोन्ही भिजल्या, रैणीची तर सुटून खाली फरशीवर पडली. वर्गात एकच आरडाओरडा. शेजारच्या वर्गावरचे सर येऊन बघून गेले.

ती फट म्हणजे ऋषिगंगेची घळ. अख्ख्या ११० किलोमीटरच्या तटाला असलेला एकमेव दरवाजा. आणि राजगड-रायगडासारखी इथेही दुहेरी रचना आहे. तटाच्या आत पश्चिमेकडे आणखी एक आडवी भिंत आहे, म्हणून आतलं आवार आणि बाहेरचं आवार असे दोन भाग पडतात. नदी या आतल्या भिंतीलाही कापून येते. आतल्या आवारात हिमनद्यांनी खरवडलेल्या रुंद दऱ्या, गवताळ उतार, त्यावर चरणारी भरल नावाची रानमेंढरं. आणि तिथून बाहेर पडायची वाट मात्र एवढीशी, दोन्ही बाजूंना हजारो फूट कडे. बर्फ दरी रुंद करतो, पाणी दरी खोल करतं. यू आकाराची दरी आणि व्ही आकाराची दरी असं आपण पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या आकृत्या काढून शिकवतो. इथे एकाच नदीला दोन्ही आहेत, एकीतून निघून ती दुसरीत शिरते.

हा दरवाजा उघडायला माणसाला किती वर्षं लागली, तेही सांगतो. १८८३ साली ग्रॅहम नावाचा इंग्रज घळीपाशी येऊन मागे फिरला. १९०५ साली लाँगस्टाफ पूर्वेच्या बाजूने तटावरच्या एका खिंडीत चढला, आत डोकावला आणि परतला; त्या खिंडीला आज त्याचंच नाव आहे. १९०७ साली तोच पश्चिमेकडून बाहेरच्या आवारात शिरला आणि त्रिशूल चढला. सात हजार मीटरवरच्या शिखराचा माथा माणसाने गाठण्याची ती पहिलीच वेळ. त्याच्याबरोबर इटलीतले ब्रोशेरेल बंधू आणि करबीर नावाचा गुरखा होता. करबीरचं नाव मी मुद्दाम घेतो, कारण ते सहसा घेतलं जात नाही. पण आतला दरवाजा त्यांनाही उघडला नाही. रटलेज १९२६, १९२७ आणि १९३२ असा तीनदा तटाला भिडला, वेगवेगळ्या बाजूंनी. नाही. शेवटी १९३४ साली शिप्टन आणि टिल्मन हे दोघं, आणि आंगथारके, पासांग, कुसांग हे तिघं शेर्पा, असे पाच जण कड्याकड्याने, एका पाऊलवाटेवरून दुसरीवर चाचपडत, घळीतून आत पोहोचले. दोन गोरे आणि तीन शेर्पा. ना लवाजमा, ना शंभर हमाल.

आणि त्याच मोहिमेत बाहेर पडताना ते दक्षिणेच्या तटावरून, सुंदरढुंगा खिंडीतून उतरले. मला इथे हमखास हिरकणी आठवते. महादरवाजा बंद झाला आणि ती कडा उतरली. नंदादेवीचा तट जो कोणी उतरला, त्याने हिरकणीचंच काम केलं. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ रोजी, टिल्मन आणि ओडेल माथ्यावर पोहोचले. त्यानंतर १९५० साली अन्नपूर्णा चढली जाईपर्यंत याहून उंच शिखरावर कोणीच पाऊल ठेवू शकलं नाही.

तिकडून प्रश्न आला आहे तो मला अपेक्षितच होता. नंदादेवी म्हटलं की प्लुटोनियम. हो, खरं आहे. चीनच्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी १९६५ साली अमेरिकेच्या आणि आपल्या गुप्तचर यंत्रणांनी मिळून प्लुटोनियमवर चालणारं एक यंत्र वर न्यायचा प्रयत्न केला. हवा बिघडली, ते वाटेत बांधून ठेवून माणसं खाली आली. पुढच्या वर्षी गेले तर यंत्र जागेवर नाही. १९७८ साली पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत याची कबुली दिली. ते यंत्र अजून सापडलेलं नाही. पण मंडळी, ही एक हरवलेली पेटी सगळा वेळ खाते. मी तिला आज तेवढंच देणार.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. वीस मिनिटं. बरं.

मग पाण्याकडे वळतो. बद्रीनाथला जाऊन आलेले किती आहेत? निम्मं सभागृह! मग तुमची नंदादेवीशी ओळख आहे, फक्त तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. बसच्या खिडकीतून तुम्ही पंचप्रयाग बघितले. विष्णुप्रयागला अलकनंदेला येऊन मिळते धौलीगंगा. आणि त्या धौलीगंगेत रैणीपाशी ऋषिगंगा पडलेली असते, म्हणजे आपल्या दरवाजातून आलेलं पाणी. नंदप्रयागला मिळते नंदाकिनी. ती तटाच्या बाहेर, त्रिशूल आणि नंदाघुंटीच्या अंगावरून येते. कर्णप्रयागला मिळते पिंडर. ती दक्षिणेच्या तटाबाहेर, पिंडारी हिमनदीतून येते. पाचांतले तीन प्रयाग या एका डोंगराच्या भोवतालच्या पाण्याचे! तुम्ही तिथे उतरून हातपाय धुतले असतील, चहा घेतला असेल.

आणि चौथी दिशा राहिली. नंदादेवी पूर्वच्या बाहेरच्या बाजूला पडलेला बर्फ अलकनंदेकडे जातच नाही. तो गोरीगंगेत जातो, गोरी जौलजीबीला काली नदीला मिळते, कालीची पुढे शारदा होते, शारदेची घागरा. एकाच धारेवर शेजारी-शेजारी पडलेले दोन हिमकण. एक डावीकडे घरंगळला, एक उजवीकडे. एक हरिद्वार, काशी, पाटण्याच्या वाटेला लागला. दुसरा भारत-नेपाळच्या सीमेने गेला. त्यांची पुन्हा गाठ पडते थेट बिहारमध्ये, छपऱ्याजवळ, घागरा गंगेला मिळते तिथे. हे मी नकाशावर पहिल्यांदा बोटाने फिरवून बघितलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिथल्या लोकांना हा भूगोल आपल्यापेक्षा आधीपासून ठाऊक आहे. गढवाल-कुमाऊंची नंदा ही लेक आहे. ती माहेरी येते आणि तिला सासरी पोचवायला सगळा मुलूख निघतो. भाद्रपदात, शुद्ध अष्टमीला तिच्या जत्रा भरतात. आपल्या गौरीही त्याच दिवसांत माहेरपणाला येतात, तेव्हा आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मोठी यात्रा म्हणजे नंदा राजजात. बारा वर्षांनी म्हणतात, पण मागची २००० साली झाली आणि त्यानंतरची २०१४ साली. नौटी गावातून निघते, पुढे चार शिंगांचा मेंढा. शेवटी होमकुंडाला पोहोचली की यात्रा थांबते. मेंढ्याला पाठीवर नंदेची भेट बांधून पुढे सोडून देतात आणि माणसं मागे फिरतात. होमकुंड नकाशावर शोधा. ते तटाच्या पायथ्याशी आहे, बाहेरच्या बाजूला. तटाच्या आत माणसाने जायचं नाही, हे यात्रेनेच ठरवून ठेवलंय. सरकारने १९८२ साली राष्ट्रीय उद्यान करून दरवाजा बंद केला आणि १९८८ साली ती जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेली. चांगलं झालं. पण त्या बंदीत लाता आणि रैणीच्या लोकांची पिढीजात चराई आणि मोहिमांतली हमाली एका फटक्यात गेली, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. रैणी म्हणजे तीच, जिथे २६ मार्च १९७४ रोजी झाडं तोडू द्यायची नाहीत म्हणून गौरा देवी आणि गावातल्या बायका त्यांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या, ते चिपको आंदोलन.

आणि तीच रैणी, ७ फेब्रुवारी २०२१.

रविवार होता. सकाळी साडेदहाच्या सुमाराला पाणी, चिखल आणि दगडांचा लोंढा ऋषिगंगेतून आला. रैणीजवळचा छोटा वीजप्रकल्प नाहीसा झाला, पुढे तपोवनचा ५२० मेगावॉटचा प्रकल्प चिखलात गेला, बोगद्यात माणसं अडकली. दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा सापडलीच नाहीत. दुपारपर्यंत माझ्या फोनवर संदेशांचा पाऊस. ‘नंदादेवी हिमनदी फुटली.’ ‘नंदादेवीचा हिमकडा कोसळला.’ आणि त्यात एक फोन, त्या नववीतल्या मुलीचा. आता ती नोकरी करते. ती एवढंच म्हणाली, “सर, रैणीची चिठ्ठी.” पुढे आम्ही दोघंही काही बोलू शकलो नाही.

पण मंडळी, बातमी चुकीची होती आणि आमची परातही अपुरी होती. पुढे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांनी उलगडा केला. नंदादेवीच्या हिमनद्यांतून काहीही आलं नव्हतं. रौंथी नावाच्या, सहा हजार मीटरच्या थोड्याच वर असलेल्या शिखराचा उत्तरेचा कडा निखळला. सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर. त्यात ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ. तो सुमारे १,८०० मीटर खाली कोसळला आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यातल्या बर्फाचं पाणी झालं. म्हणून पाऊस नाही, उन्हाळा नाही, तळं फुटलेलं नाही, आणि तरी भर हिवाळ्यात पूर. हे सगळं रौंथी गाडमधून आलं. गाड म्हणजे तिकडे ओढा. आणि तो ओढा ऋषिगंगेला मिळतो घळीच्या खाली, आतल्या आवाराच्या बाहेर. म्हणजे दरवाजातून नव्हे, दरवाजाबाहेरच्या बाजूच्या ओढ्यातून. आमच्या परातीत तो ओढाच नव्हता. आम्ही तट आणि बालेकिल्ला केला होता आणि दरवाजाबाहेरची माची सोडून दिली होती.

‘हिमनदी फुटली’ या शब्दप्रयोगाचा मला राग आहे तो म्हणूनच. धरण फुटतं, घडा फुटतो, हिमनदी फुटत नाही. ती नदीसुद्धा नाही, निदान आपल्या डोळ्यांपुढे येते तशी. गढवालात तिला बमक म्हणतात, कुमाऊंमध्ये गल. तिकडच्या माणसाला बमक म्हटलं की दगडगोट्यांनी भरलेला, करड्या रंगाचा, सावकाश सरकणारा बर्फाचा जड पसारा दिसतो. आपल्याला हिमनदी म्हटलं की पांढरंशुभ्र पाणी दिसतं. ७ फेब्रुवारीला जे झालं त्याला मराठीत नेमका शब्द आहे आणि तो आपल्या रोजच्या वापरातला आहे: दरड. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, ते या सभागृहात कोणी विसरलेलं नाही. माळीणला पावसाने भिजलेली माती सुटली. रौंथीला गोठलेला कातळ सुटला. कारणं वेगळी, पण प्रकार दरडीचाच. ‘रौंथीची दरड’ असं कोणी त्या दिवशी म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याने पहिला प्रश्न बरोबर विचारला असता: कुठला कडा, कुठला ओढा, ओढ्याच्या तोंडाशी कोण राहतं? ‘हिमनदी फुटली’ म्हटल्यावर सगळे वर शिखराकडे बघत बसले.

दहा मिनिटं उरली आहेत आणि पत्रिकेतला विषय अजून यायचाय. तो भराभर सांगतो.

हिमनदीचं पासबुक असतं. वरच्या भागात जमा, खालच्या भागात खर्च. वर पडलेला भुसभुशीत बर्फ वर्षानुवर्षं दाबला जातो, त्यातली हवा निघते, त्याचा कठीण निळसर बर्फ होतो आणि स्वतःच्याच वजनाने तो खाली सरकू लागतो. साधारण पाच हजार मीटरच्या आसपास एक रेषा असते. तिच्यावर वर्षभरात पडतं जास्त आणि वितळतं कमी, तिच्याखाली उलट. हवा तापली की ही रेषा वर सरकते. जमेचा भाग आक्रसतो, खर्चाचा वाढतो. आपण बघायला जातो ते हिमनदीचं तोंड, म्हणजे खर्चाची बाजू. तिची तब्येत मात्र वरच्या रेषेवर ठरते.

मध्य हिमालयातल्या हिमनद्यांची जमा बरीचशी पावसाळ्यात होते. म्हणजे जमा आणि खर्च एकाच हंगामात! त्या महिन्यांत हवा थोडी जरी तापली तर बर्फाऐवजी पाऊस पडतो. जमा बुडतेच, वर पावसाच्या पाण्याने आहे तोही बर्फ झिजतो. दुहेरी फटका.

पण एकाच शिखराच्या दोन हिमनद्या सारख्या वागत नाहीत. उंच भिंतीखालच्या हिमनदीला, उदाहरणार्थ मघाशी सांगितलेल्या दोन कळसूबाईंच्या भिंतीखालच्या दक्षिण नंदादेवी हिमनदीला, आभाळातून मिळतं तसं भिंतीवरूनही मिळतं, हिमप्रपातांच्या रूपाने. त्याबरोबर दगडही येतात. दगडांचा थर पातळ असेल तर तो ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो. जाड असेल तर गोधडीसारखा बर्फाला झाकून ठेवतो. म्हणून हिमनदीचं तोंड जागच्या जागी दिसतं आणि आतून ती पातळ होत जाते. नुसतं ‘तोंड इतके मीटर मागे गेलं’ हे मोजणं अपुरं आहे, ते म्हणूनच.

आणि कातळ. उंचावर खडकाच्या भेगांतलं पाणी बारमाही गोठलेलं असतं. ते चुन्यासारखं काम करतं, खडक खडकाला धरून ठेवतं. उष्णता आत मुरत गेली की हा सांधा सैल होतो. रौंथीच्या बाबतीत एका घटनेचं बोट एकाच कारणाकडे दाखवता येत नाही, शास्त्रज्ञांनीही तसं दाखवलेलं नाही. पण असे उभे, बर्फाळ कडे या तटावर किती आहेत ते मघाशी नावानिशी मोजलं. त्यातल्या प्रत्येक कड्याखाली एक गाड आहे, गाडच्या तोंडाशी नदी आहे आणि नदीकाठी गाव आहे किंवा बोगदा आहे. हा नकाशा बोगदा खणायच्या आधी काढायचा असतो. जमेची रेषा कुठे आहे, तट कुठे सैल आहे, दरवाजा कुठे आहे, बाजूचे ओढे दरवाजाच्या आत मिळतात की बाहेर. हे चार प्रश्न कुठल्याही हिमशिखराला विचारा. उंची पाचवी.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. झालंच.

परात. या वेळी आम्ही दरवाजाबाहेरची माचीही केली आहे, रौंथी गाडसकट. करणारे हात तेच, ती आज तिसऱ्या रांगेत बसलीय. बाकावर चिठ्ठ्या लावल्या आहेत: रैणी, तपोवन, विष्णुप्रयाग. तांब्या भरलेला आहे. मुलांनी आधी या, मोठ्यांनी मागून. बाही वर करा, माती अजून ओली आहे.